मंत्राचा पत्ता का वाकतो?

सापशिडीच्या खेळात तुम्ही घरी केलेले मंत्रपत्ते कधी घातले आहेत काय? ‘सापाचे तोंड बांधले’, ‘शिडी उलटी झाली’ असे मंत्र कागदावर लिहून पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर चिकटवायचे आणि फाशावर एक पडला, की पालथ्या गड्डीतून एक पत्ता उचलायचा. म्हसवडला आमच्या आळीतल्या मुलांनी मे महिन्यात असा संच केला. दुसऱ्या दिवशी पत्त्यांचे द्रोण झाले! सापाचे तोंड बांधणारा पत्ता तर इतका वाकला, की पाठीवरूनच ओळखू येई. मग खेळ कसला?

कागद वनस्पतींच्या तंतूंचा असतो. खळीतले पाणी शोषून तंतू फुगतात, कागद पसरतो आणि तसाच पुठ्ठ्याला चिकटतो. वाळताना तो आकसू पाहतो. पुठ्ठा मात्र तितका आकसत नाही. म्हणून पत्ता कागदाच्या बाजूला वाकतो.

उपाय सोपा आहे. पाठीवरही तसाच कागद, तितकीच खळ लावून चिकटवा. दोन्हीकडची ओढ सारखी झाली, की पत्ता सरळ राहतो. मात्र वाळेपर्यंत तो जाड पुस्तकांखाली ठेवा, उन्हात नको.

सावंतवाडीचे गंजिफा करणारे कारागीर हे जाणून होते. दशावतारी गंजिफांच्या संचात 120 गोल पत्ते असतात. जुन्या पद्धतीत चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून वर लाखेचा लेप देत, त्यामुळे कोकणातली दमट हवा आत सहजी शिरत नसे. पाठी मात्र सर्वांच्या एकाच रंगाच्या! तुमच्याजवळ लाख नसेल, तर मेणबत्ती घासा. पण दोन्ही बाजूंना.