दुहेरी तळाची गाडी

मर्सिडीजची ए-क्लास, बीएमडब्ल्यूची वन सिरीज आणि व्होल्वोची व्ही 40. 2013 सालात या तिन्ही गाड्या काही महिन्यांच्या अंतराने भारतात आल्या, व्ही 40 मात्र आधी 'क्रॉस कंट्री' या रूपात. आकार लहान, नाव मोठं आणि किंमत वीस ते तीस लाखांच्या दरम्यान, असा तो प्रयोग होता. आज यांपैकी एकही साधी हॅचबॅक शोरूममध्ये नवी मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र त्या उभ्या असतात, आणि नव्या मारुतीच्या किमतीत नाकावर तारा असलेली गाडी येतेय म्हटल्यावर माणूस थबकतोच. म्हणून संपादकांनी काम दिलं : जागा, आराम आणि पैशाचा मोबदला, या तिन्ही बाजूंनी या गाड्या पारखून लिही.

पारख मागच्या सीटपासून सुरू केली, कारण आपल्याकडे गाडीचा निकाल तिथेच लागतो. पुढे चालवणारा कसाही सामावून घेतो. मागे आई-वडील असतात, मुलं असतात, गावाहून आलेली आत्या असते. चाकणच्या कारखान्यात मर्सिडीज 2017 पासून ई-क्लासची मुद्दाम लांबवलेली आवृत्ती भारतासाठी तयार करते, ती याच मागच्या सीटसाठी.

आकडे असे. ए-क्लासची लांबी 4.29 मीटर, वन सिरीजची 4.32, व्ही 40 ची 4.37. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, तिन्हींत 2.65 ते 2.70 मीटरच्या आसपास. डिकी अनुक्रमे 341, 360 आणि 335 लिटर. कागदावर फारसा फरक नाही. आता त्यांच्या शेजारी 2015 ची होंडा जॅझ उभी करा. लांबी 3.955 मीटर, व्हीलबेस 2.53, डिकी 354 लिटर. म्हणजे ए-क्लासपेक्षा तब्बल 34 सेंटिमीटर आखूड, किमतीने साधारण एक तृतीयांश, आणि तरी डिकी मोठी. मागे बसल्यावर गुडघ्यांपुढची मोकळीकही जॅझमध्येच जास्त जाणवते. होंडाने पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या सीटखाली नेली आणि मागचा सगळा भाग मोकळा केला.

वीस लाखांवरच्या तीन गाड्या जागेच्या बाबतीत एका साध्या गाडीपुढे कमी पडतात, हे पाहिल्यावर माझं लक्ष गाड्यांच्या सजावटीवरून उडालं. प्रश्न उरला तो मांडणीचा. इंजिन कुठे ठेवलंय, टाकी कुठे, आणि माणूस त्या सगळ्याच्या वर बसतो की मागे?

बीएमडब्ल्यूची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. 2013 ची वन सिरीज मागच्या चाकांवर चालणारी होती. तिचं इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स, आणि तिथून एक दांडा थेट मागच्या चाकांपर्यंत गेलेला. त्या दांड्यासाठी गाडीच्या मधोमध उंच बोगदा ठेवावा लागतो, आणि मागे मधल्या माणसाला त्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं लागतं. चालवणाऱ्याला यातून मिळतं ते अस्सल सुख : वजनाची समान वाटणी, इंजिनाच्या ओढीपासून मोकळं राहिलेलं स्टिअरिंग. मागच्यांच्या वाट्याला फक्त बोगदा. 2019 साली कंपनीने वन सिरीजची पुढची पिढी पुढच्या चाकांवर आणली आणि इंजिन आडवं बसवलं. नवी गाडी 5 मिलिमीटर आखूड झाली, व्हीलबेस 20 मिलिमीटरने कमी झाला. आणि मागे गुडघ्यांसाठी 33 मिलिमीटर जागा वाढली, डिकी 380 लिटरची झाली. बाहेरून घटली आणि आतून वाढली.

आडव्या इंजिनाची ही युक्ती ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने 1959 च्या मिनीत वापरून दाखवली होती. जेमतेम तीन मीटर लांबीच्या त्या गाडीत चार माणसं बसत. तिथून पुढे लहान गाड्यांनी साधारण तोच रस्ता धरला. त्याच्याही पलीकडे जाणारा विचार मात्र मला सापडला तो आपल्याकडे कधी अधिकृतपणे विकल्याच न गेलेल्या एका गाडीत. ती म्हणजे 1997 ची पहिली ए-क्लास.

तिचे आकडे वाचून मी पुन्हा तपासले. लांबी 3.575 मीटर, आपल्या आजच्या बहुतेक हॅचबॅकपेक्षा कमी. उंची 1.575 मीटर. डिकी सुमारे 390 लिटर. मागची सीट तर निघायचीच, पण पुढची प्रवाशाची सीटही काढता यायची. हे सगळं शक्य झालं ते तिच्या तळामुळे. तिला एक नव्हे, दोन तळ होते, आणि दोन्हींच्या मध्ये साधारण वीतभर पोकळी. इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ उभे न ठेवता पुढे असे तिरपे बसवले होते की त्यांचा काही भाग या पोकळीच्या तोंडाशी येई. बॅटरी, टाकी, सायलेन्सर असली सगळी मंडळी खाली. माणसं त्यांच्या वर. बोनेट इतकं आखूड, की समोरून टक्कर झाल्यावर धक्का पचवायला जागाच नाही असं वाटावं. पण टक्कर झाली, की इंजिन आत माणसांवर न येता केबिनपुढच्या तिरप्या पडद्यावरून घसरून तळाखाली जाई. बाजूने कुणी धडकलं, तर धक्का प्रवाशाच्या बरगड्यांना न बसता खालच्या भक्कम चौकटीला बसे, कारण प्रवासी नेहमीच्या गाडीपेक्षा उंचावर बसलेला.

मला या रचनेचं मनापासून कौतुक वाटतं. एकाच निर्णयातून जागा, सुरक्षितता आणि चढण्या-उतरण्यातला आराम, या तिन्ही गोष्टी तिने साधल्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत बसताना सीट कमरेच्या उंचीला लागते, की कुल्ले खाली सोडून द्यावे लागतात, यावर त्याचा सगळा प्रवास ठरतो. नऊवारी किंवा सहावारी नेसलेल्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या ए-क्लासमध्ये माणूस खाली न पडता सरळ बसे. जर्मनीत ती वयस्कर ग्राहकांची लाडकी झाली, यात मला नवल वाटत नाही.

पण उंच तळाची किंमत असते, आणि ती लगेच समोर आली. गाडी बाजारात येऊन काही दिवसच झाले होते. ऑक्टोबर 1997 मध्ये 'टेक्निकेन्स व्हेर्ल्ड' या स्वीडिश नियतकालिकाने तिची चाचणी घेतली. स्वीडनमध्ये मूस नावाचं प्रचंड, लांब पायांचं हरीण अचानक रस्त्यावर येतं. त्याला धडक बसली तर पाय गाडीखाली जातात आणि सगळं धूड काचेवर येतं. म्हणून तिथे गाडी भरून, ब्रेक न लावता एकदम एका बाजूला वळवायची आणि लगेच मूळ लेनमध्ये आणायची, अशी चाचणी घेतात. रॉबर्ट कोलिन हा पत्रकार ती घेत होता. ए-क्लास उलटली. मर्सिडीजसारख्या कंपनीची, सुरक्षिततेच्या नावावर विकली जाणारी गाडी, टपावर आडवी.

आधी टायरकडे बोट दाखवून झालं. मग कंपनीने विक्री सुमारे तीन महिने थांबवली. गाडी थोडी खाली आणली, टायर रुंद केले, सस्पेन्शन घट्ट केलं आणि प्रत्येक गाडीत ईएसपी बसवलं. गाडी घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून तिला पुन्हा वळणावर आणते. 1995 साली ती मर्सिडीजच्या महागड्या एस-क्लासमध्ये आली होती. एका उलटलेल्या गाडीमुळे ती दोन वर्षांत सगळ्यात लहान मर्सिडीजमध्ये सरसकट मिळू लागली. पुढे युरोपात ती सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्या स्वीडिश चाचणीने नंतरच्या किती लोकांचे जीव वाचवले, हे मोजता येणार नाही, पण मला ती मोटारींच्या इतिहासातली मोठी घटना वाटते.

दुहेरी तळाची गाडी दुरुस्तीला मात्र किचकट. इंजिन तिरपं आणि आत दडलेलं, त्यामुळे कितीतरी कामांना ते वरून हाताला लागत नाही. खालच्या चौकटीसकट सोडवून उतरवावं लागतं. साध्या कामाची मजुरी मोठी होते. तरीही कंपनीने हा तळ दोन पिढ्या चालवला आणि अशा सुमारे वीस लाख गाड्या विकल्या. मग 2012 मध्ये तो टाकून दिला. नवी ए-क्लास आधीच्यापेक्षा 16 सेंटिमीटर बुटकी झाली. तरुण ग्राहक हवा होता, आणि तरुणाला उंच, सरळ बसायची गाडी नको होती. हीच बुटकी ए-क्लास पुढच्या वर्षी 21.93 लाखांपासून आपल्याकडे आली.

तिच्या मागच्या सीटवर बसून बघा. पुढच्या सीटच्या पाठी डोक्यापर्यंत सलग वर गेलेल्या, खिडकी मागे मागे निमुळती होत गेलेली, दार अरुंद. उजेड कमी. व्ही 40 मध्येही तेच, फक्त तिच्या पुढच्या सीट तिघींत सर्वांत चांगल्या. पाठीचा त्रास असणाऱ्याने आधी त्यांच्यावर बसून पाहावं. पादचाऱ्यासाठी बोनेटच्या मागे एअरबॅग असलेली जगातली पहिली गाडीही हीच, 2012 ची. जागेचा प्रश्न कुणी खरोखर विचारत असेल, तर माझं उत्तर या तिघींत नाहीच. 2012 मध्ये भारतात आलेली बी-क्लास घ्या. दुहेरी तळ तिच्याही पोटात नाही, पण उंची 1.56 मीटर आहे, डिकी 488 लिटर आहे, व्हीलबेस ए-क्लासइतकाच. दिसायला साधी, म्हणून कमी खपली. मागे बसणाऱ्यासाठी ती सर्वांत उत्तम.

मोबदल्याचा हिशेब इतका सरळ नाही. भोसरीकडच्या एका गॅरेजमध्ये जर्मन गाड्यांवर हात बसलेले एक मेस्त्री आहेत. माझा प्रश्न पुरता ऐकूनही न घेता ते म्हणाले, "साहेब, इंजिन नंतर बघा. आधी रॅम्पवर चढवा आणि चेंबर बघा." रॅम्पवर तेव्हा एक परदेशी हॅचबॅक होतीच. तिच्या पोटाखालचं प्लॅस्टिकचं आवरण गतिरोधकांवर घासून फाटलेलं, आणि आतल्या चेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यावर, लांब ओरखडे. चेंबर फुटलं आणि तेल गळतंय हे चालवणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, तर पुढचा खर्च इंजिनाचा. बुटकी गाडी देखणी दिसते ती गुळगुळीत रस्त्यावर. आपल्या सोसायट्यांच्या फाटकांपुढचे घरगुती गतिरोधक कुठल्याच मापात बसत नाहीत.

मग टायर. वन सिरीजचे टायर रनफ्लॅट असतात, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालतात. म्हणून गाडीत स्टेपनी नसते. पण त्यांच्या कडा कडक, प्रत्येक खड्डा आत पोचवणाऱ्या, आणि टायर कापला गेला तर तो पंक्चरवाल्याकडून निभत नाही. पुण्याबाहेर, रात्री, घाटात याचा अर्थ काय, ते कुटुंबाबरोबर प्रवास करणाऱ्याने ठरवावं. त्यात मॉडेल बंद झालेलं. व्ही 40 चं उत्पादन 2019 मध्ये थांबलं आणि तिचा वारस आलाच नाही. बुश, लोअर आर्म, शॉक ॲब्सॉर्बर मिळतात. आठवडे लागतात ते दिव्याच्या काचेला, खिडकीच्या मोटारीला, एखाद्या सेन्सरला.

करही या गाड्यांच्या बाजूने कधी नव्हता. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादनशुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं, आणि तेव्हापासून आपली बाजारपेठ त्या चार मीटरच्या रेषेभोवती फिरते. सप्टेंबर 2025 पासून रेषेच्या अलीकडे जीएसटी 18 टक्के आहे, पलीकडे 40. सव्वाचार मीटरची हॅचबॅक रेषेच्या चुकीच्या बाजूला पडते, आणि तेवढाच कर भरायचा तर ग्राहक उंच गाडी मागतो. 2014 मध्ये मर्सिडीजने त्याला जीएलए दिली. व्हीलबेस ए-क्लासचाच, 2.70 मीटर, फक्त जमिनीपासून उंच आणि किंमत 32.75 लाखांपासून. मागच्या सीटवर फार काही बदललं नव्हतं. लोकांनी ती घेतली, आणि हॅचबॅक संपली.

आता विजेच्या गाड्यांबरोबर दुहेरी तळ परत आला आहे, आणि माझी काळजी तिथे आहे. पहिल्या ए-क्लासची पोकळी बॅटरीसारख्या पर्यायी शक्तीसाठी सोयीची म्हणूनही राखलेली होती. 2010 मध्ये दुसऱ्या पिढीच्या गाडीत तिथे खरोखर बॅटऱ्या बसवून ए-क्लास ई-सेल ही गाडी काढली गेली. माणसांची जागा एका इंचानेही कमी करावी लागली नाही, कारण सीट आणि छप्पर आधीच त्या हिशेबाने वर गेलेले होते. जुलै 2024 मध्ये भारतात 66 लाखांना आलेली ईक्यूए जीएलएच्याच सांगाड्यावर आहे. बॅटरीमुळे तिचा तळ वर आला, छप्पर मात्र जवळपास तिथेच राहिलं. मागे बसलं की गुडघे वर येतात आणि मांड्या सीटवरून अधांतरी राहतात. शोरूममध्ये ते लक्षात येत नाही. घेण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागे बसवून निदान अर्धा तास गाडी फिरवून आणावी, आणि उतरल्यावर त्यांनाच विचारावं.