सुरांची दूरदेशी रवानगी
पुण्यातील तबलजीचा ठेका न्यू जर्सीतील गायकापर्यंत अक्षत पोहोचावा, ही अपेक्षा साधी. परंतु 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे 17 मेगाबाइट जागा व्यापते, आणि जीमेलची 25 मेगाबाइटांची मर्यादा दीड मिनिटाच्या आतच संपुष्टात येते. म्हणून कित्येक जण त्याचे एमपी3 करून धाडतात. त्यात चाटेवरील बोटाचा सूक्ष्म झणकार बोथट होतो, आणि ते मला खरोखर सोसवत नाही. त्यापेक्षा फ्लॅक पत्करावे, ज्यात ध्वनीचा एक कणही न गमावता आकार पुष्कळ घटतो. मग फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा. व्हॉट्सअ‍ॅपच हवे, तर दस्तऐवज म्हणून जोडावी. मात्र प्रत्येक वाद्याची फाइल, आरंभी दोन मिनिटे निःशब्द असली तरी, एकाच क्षणापासून सुरू व्हावी. अन्यथा समेवरचा धा तिकडे भलत्याच मात्रेवर पडतो.