टिटवीची अंडी आणि उजनीचे पाणी

चैत्र सरता सरता भिगवणच्या किनाऱ्यावरील वर्दळ ओसरू लागते. रोहित पक्ष्यांचे थवे विरळ होतात, पुण्या-मुंबईच्या मोटारी येईनाशा होतात आणि पक्षी पाहण्याचा हंगाम संपला, असे सर्वजण धरून चालतात. वास्तविक रोहित हा उजनीचा पाहुणा. तो येथे चरतो आणि निघून जातो. त्याची वीण कच्छच्या रणात. उजनीलाच घर मानणारे पक्षी नेमके याच सुमारास, पाहणारे परतल्यावर, अंडी घालू लागतात.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाची साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात कालव्यांतून व नदीतून पाणी सोडले जाते, तसतसा जलाशय मागे हटतो. एखाद्या कोरड्या वर्षी पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. त्याच पाण्यातून गाळाचे उंचवटे आणि मुरमाड बेटेही वर येतात. त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नदी सुरय या पक्ष्याला मात्र हीच जागा हवी असते: उघडी, झाडझुडूप नसलेली, चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेली. काडीकचऱ्याचे घरटे तो बांधीतच नाही. उथळ खळग्यात दोन-तीन अंडी, वाळूच्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. जवळपास मातकट रंगाचा, भिंगरीसारखा उडणारा छोटा आर्ली. चिखलाच्या कडेला शेकाट्या. आणि खडेगोटे असतील तेथे टिटवी.

भर मे महिन्यात त्या जमिनीवर पाय ठरत नाही. पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी, अशी आपली शालेय समजूत. येथे दुपारचे ते बसणे सावली धरण्यासाठी असते. टिटवी पाण्यात उतरते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर येऊन बसते. नर आणि मादी पाळीपाळीने, जवळजवळ चार आठवडे. अशा वेळी तिला थोडा वेळ जरी उठवून लावले, तरी अंडी उन्हात शिजतात. छायाचित्रासाठी बेटावर उतरणारी हौशी मंडळी दुष्ट नसतात. त्यांना एवढेच कोणी सांगितलेले नसते.

खरा पेच आहे तो गाळपेराचा. पाणी हटले की मोकळ्या झालेल्या सुपीक गाळावर मका, कलिंगड, चाऱ्याची पिके घेतली जातात. धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांचा या गाळावरील हक्क पक्षिप्रेमाच्या भरात उडवून लावता येणार नाही. परंतु बैलांच्या नांगरामागे चालणाऱ्याला अंडी दिसत. ट्रॅक्टरवर बसलेल्याला ती दिसत नाहीत. पाणी आणखी आटले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, गुरे, माणसे कोरड्या पायांनी घरट्यापर्यंत पोहोचतात. २०२४ च्या जूनमध्ये जलाशय उणे ६० टक्क्यांच्या घरात गेला होता. त्याच्या उलट २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच महाराष्ट्रात पोहोचला आणि पाणी अवेळी चढू लागले. उशिरा घातलेल्या अंड्यांना अशा वर्षी पाण्यावाचून दुसरा शेजार उरत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याच्या अंड्यांची नासधूस हीही शिकारच मानली आहे. पण शिकारीचा हेतूच नसलेल्या फाळाला कायदा काय करणार? नदी सुरय आज जगभरात संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत जाऊन बसला आहे. त्याच्यासाठी सारा जलाशय मोकळा ठेवा, असे कोणी म्हणत नाही. कोणते उंचवटे दरवर्षी आधी उघडे पडतात, हे मच्छीमारांना पाठ असते. त्यांतील मोजके उंचवटे मार्च ते मे या काळापुरते गाळपेरातून वगळणे आणि नावांनी त्यांना लांबून वळसा घालणे, एवढे पाटबंधारे खात्याला आणि गावांना मिळून करता येण्यासारखे आहे. त्याला फार पैसा लागत नाही.

टिटवीदेखील समुद्र आटविते, अशी म्हण आपल्याकडे आहे. समुद्राने अंडी नेली म्हणून चवताळलेल्या टिटवीची ती कथा. उजनीच्या टिटवीचा सागर माणूसच भरतो आणि माणूसच आटवितो. तिने अंडी उंचावर घातली की पाऊस भरपूर, असा अंदाज खेड्यांतून आजही बांधला जातो. यंदा ती कुठे घातली आहेत, हे पाहण्यासाठी निदान ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी एकदा शेत पायांनी फिरून यावे लागेल.