विश्लेषण : घरच्या संगणकाचा ‘बॅकअप’ रेंगाळतो कशामुळे?

‘बॅकअप सुरू आहे’ हा संदेश सकाळपासून रात्रीपर्यंत पडद्यावर तसाच दिसतो, संगणक मंदावतो आणि वैतागून अनेक जण ही सोयच बंद करून टाकतात. पुढे कधी तरी डिस्क निकामी होते आणि मुलांच्या लहानपणीचे फोटो, दुकानाचे हिशेब किंवा अर्धवट झालेला प्रबंध परत मिळण्याची वाटच उरत नाही. त्यामुळे बॅकअप बंद करण्याआधी तो नेमका कुठे अडतो, हे पाहायला हवे.

पहिल्या वेळी इतका वेळ का लागतो?

स्वयंचलित बॅकअप पहिल्यांदा निवडलेल्या सगळ्या फाइल्सची प्रत काढतो. नंतर फक्त नव्या आणि बदललेल्या फाइल्स उचलतो. विंडोज ८ पासून आलेली ‘फाइल हिस्टरी’ आणि ॲपलने २००७ मध्ये आणलेली ‘टाइम मशीन’ या दोन्ही सोयी, वेगळी सूचना न दिल्यास, दर तासाला असे बदल टिपतात. पहिला बॅकअप रात्रभर चालला तर त्यात वावगे काही नाही. रोजचा बॅकअपही तासन् तास चालत असेल, तर मात्र कारण शोधावे.

अडथळा नेमका कुठे, हे कसे ओळखावे?

बाह्य डिस्कवर बॅकअप घेत असाल तर एक सोपी चाचणी करा. बॅकअप थांबवून साधारण २ जीबीचा एखादा व्हिडीओ हाताने त्या डिस्कवर कॉपी करा आणि घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटात काम झाले तर डिस्क आणि केबल ठीक आहेत. अडचण फाइल्समध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर आधी जोडणी तपासा.

जोडणीत काय बघायचे?

यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट आहे. डिस्क नवी असली तरी ती जुन्या पोर्टला, जुन्या केबलने किंवा जुन्या यूएसबी हबमधून जोडली, तर वेग २.० चाच मिळतो. बऱ्याच संगणकांवर ३.० चे पोर्ट आतून निळे असते. पोर्ट आणि केबल बदलूनही वेग वाढत नसेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा कॉपी मध्येच थांबत असेल, तर ती डिस्क मोडकळीला आली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी महत्त्वाच्या फाइल्स लगेच दुसरीकडे हलवाव्यात.

क्लाऊडवरचा बॅकअप का रखडतो?

बॅकअपसाठी इंटरनेटचा ‘डाऊनलोड’ नव्हे, तर ‘अपलोड’ वेग लागतो आणि अनेक जोडण्यांमध्ये तो कमी असतो. शिवाय वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइल्सचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. अपलोड वेग १० एमबीपीएस असेल तर सेकंदाला फार तर सव्वा मेगाबाइट आणि तासाला साडेचार जीबी डेटा जातो. २०० जीबी फोटो चढवायला अखंड ४४ तास लागतील. त्यातच वीज गेली किंवा लॅपटॉप झोपी गेला की काम थांबते. गुगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये अपलोड वेगावर मर्यादा घालता येते. ती चुकून लागली नाही ना, हेही बघावे. राउटर लांब असेल तर पहिल्या बॅकअपपुरती नेटवर्क केबल जोडणे उत्तम.

फाइल्स आणि सॉफ्टवेअरमुळे काय होते?

एक १० जीबीची फाइल लवकर कॉपी होते, पण तेवढ्याच आकाराच्या लाखभर बारीक फाइल्सना कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासू लागला की वेग आणखी घटतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडल्यास डिस्क कोण वापरते आहे, ते दिसते. पूर्ण तपासणी आणि बॅकअप यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. आउटलुकच्या मेलची मोठी फाइल एका ईमेलनेही बदलते आणि अनेक सॉफ्टवेअर ती पुन्हा पूर्ण कॉपी करतात. पुन्हा डाऊनलोड करता येणारे चित्रपट आणि तात्पुरत्या फाइल्स यादीतून वगळाव्यात. फाइल हिस्टरीत बॅकअपची वेळ दर तासाऐवजी दिवसातून एकदा अशीही ठेवता येते.

वेग वाढला, पुढे काय?

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक घराबाहेर, हा ‘३-२-१’ नियम जगभर पाळला जातो. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नये. खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या डिस्कवरील प्रतही कुलूपबंद करू शकतो. महिन्यातून एकदा बॅकअपमधील एखादा फोटो परत काढून उघडून बघावा. तो उघडला नाही, तर बॅकअप कितीही वेगाने झाला तरी त्याचा उपयोग नाही.