सिट्रोएनच्या कपाळावरचे दाते

सिट्रोएन मोटारीच्या नाकावर एकावर एक चढवलेली, टोक वर केलेली दोन बाणाग्रं दिसतात. कुणाला त्या लष्करी गणवेशावरच्या फिती वाटतात, कुणाला डोंगराची शिखरं. प्रत्यक्षात ते गिअरचे दाते आहेत. मोटारींच्या बोधचिन्हांत घोडे, सिंह, तारे यांची गर्दी आहे. यंत्राचा खराखुरा भाग आणि त्यामागचं बलाचं गणित उघडपणे मांडणारं याहून चांगलं चिन्ह मला तरी दिसलेलं नाही.

आंद्रे सिट्रोएनचा जन्म १८७८चा, पॅरिसचा. आई मूळची पोलंडची. १९००च्या सुमारास तो आजोळच्या माणसांना भेटायला पोलंडला गेला, तेव्हा तिथे त्याच्या पाहण्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखे दाते असलेले गिअर आले. त्याने त्यांच्या घडणीचे हक्क विकत घेतले आणि फ्रान्समध्ये असे गिअर पोलादात कापायचा कारखाना काढला. मोटारी बनवणं अजून बरंच दूर होतं.

दात्याला व्हीचा आकार का द्यायचा? सरळ दात्यांच्या गिअरमध्ये एक दाता समोरच्या दात्यावर पूर्ण रुंदीभर एकाच क्षणी टेकतो, आणि दर वेळी बारीक ठोका बसतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचा गिअर अजूनही सरळ दात्यांचा असतो. गाडी मागे घेताना जो ‘घूंऽऽ’ ऐकू येतो, तो त्याचाच.

दाते तिरके कापले, म्हणजे हेलिकल गिअर केला, की स्पर्श एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. एक दाता सुटण्याआधी पुढचा भार उचलतो. आवाज घटतो, ताकद वाढते. पण तिरक्या पृष्ठभागावरचा दाब चाकाला फिरवतो तसाच शाफ्टच्या दिशेने बाजूलाही रेटतो. दात्यांचा कोन ३० अंश असेल, तर हा रेटा फिरवणाऱ्या बलाच्या सुमारे ५८ टक्के भरतो. तो सगळा बेअरिंगला सोसावा लागतो, आणि अवजड यंत्रांत ते फार जड जातं.

व्हीच्या आकारात हा प्रश्न सुटतो. चाकाच्या अर्ध्या रुंदीत दाते उजवीकडे झुकलेले, उरलेल्या अर्ध्यात डावीकडे. दोन्ही रेटे सारखे आणि उलट दिशेचे, त्यामुळे ते चाकातच एकमेकांना संपवतात. शाफ्टला बाजूचा धक्का जवळजवळ जाणवतच नाही. किती देखणा उपाय!

अवघड असतं ते कापणं. कापणाऱ्या हत्याराला दात्याच्या पलीकडे निघायला जागा लागते, आणि व्हीच्या कोपऱ्यात ती नसते. म्हणून अनेक गिअरांत मधोमध खाच सोडलेली दिसते. जहाजांच्या टर्बाइनांना आणि पोलाद लाटणाऱ्या गिरण्यांना असे दुहेरी तिरके दाते आजही लागतात.

पहिल्या महायुद्धात सिट्रोएनने पॅरिसमध्ये सेन नदीकाठच्या जाव्हेल धक्क्यावर तोफगोळ्यांचा मोठा कारखाना उभारला. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, तिथूनच ‘टाइप ए’ ही त्याची पहिली मोटार बाहेर पडली आणि गिअरच्या धंद्यातले दोन दाते मोटारीची ओळख झाले. १९२५ पासून १९३४ पर्यंत त्याचं नाव आयफेल टॉवरवर दिव्यांनी झळकत होतं. मग कंपनी कर्जात बुडाली, मिशेलिनच्या ताब्यात गेली आणि १९३५ मध्ये आंद्रे वारला.

मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये व्ही दाते काही रुळले नाहीत. तिथला बाजूचा रेटा बेअरिंग सहज पेलतं, मग महागड्या कापणीवर कोण खर्च करणार? चिन्हात मात्र ते टिकले. कंपनीने २०२२ मध्ये १९१९च्या लंबगोलाला नवं रूप दिलं, त्यातही ते आहेत. आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या शिक्षकांनी हेलिकल गिअरचा धडा याच चिन्हापासून सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. बाजूचा रेटा कसा जिरतो हे मुलांना आधी डोळ्यांना दिसू द्या, सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहा.