पावसाळ्यात दिवाडी बेटावर : घर चाकांवर, गाडी फेरीबोटीवर

खापा (ता. सावनेर), प्रतिनिधी : कन्हानच्या काठी वसलेल्या खाप्याला नदी नवी नाही, डोंगाही नवा नाही. मात्र अख्खी मोटार बोटीवर चढवून बेटावर उतरणे हा अनुभव विदर्भातील प्रवाशाला घरानजीक मिळत नाही. त्यासाठी गोव्यापर्यंत जावे लागते. तेथे मांडवीच्या पात्रात दिवाडी हे बेट आहे. पणजीपासून ते जेमतेम दहा किलोमीटरवर असले, तरी त्याला जोडणारा पूल नाही. बेटाची शांतता टिकली आहे ती प्रामुख्याने यामुळेच.

हंगामाबाहेर का?

गोव्याचा पर्यटन हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा मानला जातो. जूनपासून समुद्र खवळतो आणि किनाऱ्यावरील जलक्रीडा थांबतात. नदीतील फेरीसेवा मात्र पावसाळ्यातही चालते; कारण ती पर्यटकांसाठी नसून शाळा, दवाखाना आणि नोकरी गाठणाऱ्या बेटवासीयांसाठी आहे. या दिवसांत दिवाडीतील खाजण शेती, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली भातशेती, हिरवीगार असते. अपवाद ऑगस्टच्या चौथ्या शनिवारचा. त्या दिवशी ‘बोंदेरां’ उत्सवासाठी बेटावर मोठी गर्दी लोटते.

महाराष्ट्राशीही बेटाचे जुने नाते आहे. सप्तकोटेश्वराचे मूळ देवस्थान दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देव नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आला. तेथील मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये दिली. नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये या मंदिराचे पुन्हा लोकार्पण झाले. दिवाडीहून फेरीने नार्वे गाठता येते.

गाडी कशी असावी?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेले कॅराव्हॅन पार्क उभारण्यास त्यात प्रोत्साहन आहे. झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी भाड्यानेही घेता येते. मात्र दिवाडीसाठी गाडी जितकी लहान, तितकी सोय अधिक. बेटावरचे अंतर्गत रस्ते अरुंद आहेत.

नागपूर ते गोवा हे अंतर सुमारे हजार किलोमीटर आहे. यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पुढे आंबोलीमार्गे सावंतवाडी असा एक मार्ग आहे. तीन दिवसांत तो आरामात होतो. आंबोली हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. धुके आणि दरडी यांचा विचार करून घाट दिवसाउजेडीच उतरावा.

फेरीवर चढताना

जुन्या गोव्यात ‘व्हाइसरॉय कमानी’खालून जाणारा रस्ता थेट धक्क्यावर पोहोचतो. तेथील सेवा गोवा सरकारचे नदी परिवहन खाते चालवते. बोट सपाट तळाची असते. तिची फळी धक्क्याच्या उतारावर टेकते आणि वाहने थेट आत शिरतात. पायी प्रवाशांना भाडे नाही; चारचाकीला शुल्क आहे.

येथे खरी मेख भरती-ओहोटीची. मांडवीला या भागात समुद्राची भरती चढते. ओहोटीला पाणी खाली गेले की उतार आणि फळी यांच्यातील कोन तीव्र होतो. मागील चाकांच्या मागे बाहेर आलेला गाडीचा लांबट भाग अशा वेळी जमिनीला घासू शकतो. अमावास्या-पौर्णिमेला हा फरक सर्वाधिक असतो. त्यामुळे लांब गाडीने मध्यम किंवा भरतीच्या पाण्याची वेळ साधावी. चढण्यापूर्वी बोटीवरील कर्मचाऱ्याला गाडीचे वजन आणि लांबी सांगावी. गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, चालकाखेरीज सर्वांनी उतरून पायी चढावे आणि हातब्रेक लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी. जोराचा वारा-पाऊस असेल तर फेरी थांबते. म्हणून परतीच्या वेळापत्रकात किमान एक दिवस मोकळा हवा.

मुक्काम आणि मर्यादा

गाडीत झोपता येते म्हणून ती कोठेही उभी करता येते, असे नाही. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास गोव्यात कायद्याने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार व्यक्तीला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. त्यामुळे एखाद्या घरमालकाची किंवा निवासव्यवस्था चालवणाऱ्याची परवानगी घेऊन त्यांच्या आवारात गाडी लावणे हाच सुरक्षित मार्ग. सांडपाण्याची टाकी शेतात वा ओहोळात रिकामी करू नये. खाजणातील पाणी बांधातील दारांमधून आत-बाहेर खेळते. त्यात सोडलेली घाण तेथील भातापर्यंत आणि मासळीपर्यंत पोहोचते.

बेटाला पूल हवा की नको, हा तेथील जुना वाद आहे. रात्री-अपरात्री रुग्ण न्यायचा तर फेरीची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. पूल झाला तर वाहने आणि बांधकामे वाढून गावपण हरवण्याची भीती. पाहुण्याने या वादात पडू नये. पण ज्या शांततेसाठी तो हजार किलोमीटर येतो, तिची किंमत बेटवासी रोज धक्क्यावर उभे राहून मोजतात, एवढे ध्यानात ठेवावे. फेरीवर जागा कमी असेल, तर पहिला मान त्यांच्या गाडीला द्यावा. दूध-भाजी-पाव बेटावरच्या दुकानातून घ्यावे. हंगामाबाहेर येणाऱ्या प्रवाशाचा गावाला उपयोग झालाच, तर तो असा होतो.