पडद्यावरील खेळांचे जतन

सिंधू नदीच्या काठी मोहेंजोदडो ह्या प्राचीन नगराचे उत्खनन झाले, तेव्हा भांडी, मुद्रा आणि अलंकार ह्यांच्याबरोबर खेळावयाचे फासेही सापडले. हे फासे सुमारे चार हजार वर्षे मातीखाली पडून होते. तरीही त्यांतील एखादा आज कोणी हाती घेऊन जमिनीवर टाकला, तर तो पूर्वीइतकाच सहज घरंगळेल आणि काही ना काही दान देईल. फाशाला खेळणाऱ्याच्या हाताखेरीज दुसऱ्या कशाचीही गरज नसते.

२६ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्डो ह्या गावी, अगदी निराळे असे एक उत्खनन झाले. जागा होती गावचा कचरा पुरण्याची. वारा धुळीचे लोट उडवीत होता, तरी पाहणाऱ्यांची गर्दी हटत नव्हती. यंत्राने खोल खणल्यावर कचऱ्यातून चेपलेली खोकी आणि प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या वर आल्या. त्या डब्यांत अटारी कंपनीचे व्हिडिओ खेळ होते. १९८२ साली ‘ई.टी.’ ह्या गाजलेल्या चित्रपटावरून ह्या कंपनीने एक खेळ काढला. नाताळच्या विक्रीची घाई असल्यामुळे तो रचण्यास हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ ह्या तंत्रज्ञास जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळ लोकांस आवडला नाही, माल पडून राहिला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने ट्रक भरभरून निरनिराळे खेळ येथे आणून पुरले. पुढे तीस वर्षे ही हकीगत खरी की दंतकथा, ह्यावर वाद चालला. उत्खननात सुमारे १,३०० डब्या हाती लागल्या. त्यांतील एक आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

परंतु ही डबी नुसती हातात घेऊन खेळता येत नाही. ती बसविण्याचे यंत्र पाहिजे, यंत्राला जोडावयास दूरचित्रवाणी संच पाहिजे, आणि दोन्ही चालू स्थितीत पाहिजेत. कारण व्हिडिओ खेळ म्हणजे वस्तुतः आज्ञांची एक लांबलचक यादी होय. चेंडू येथून तेथे न्यावा, भिंतीस लागताच उलट फिरवावा, एक गुण वाढवावा, अशा हजारो आज्ञा एका चिपमध्ये साठविलेल्या असतात. त्या वाचणारे यंत्र नाहीसे झाले की खेळ मुका होतो. पोथी हाती आहे, पण तिची लिपी जाणणारा कोणी उरला नाही, तशीच ही स्थिती असते.

ह्या खेळांपैकी अगदी आरंभीचा एक खेळ तर थोड्याच काळात नाहीसा झाला. १९५८ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी प्रदर्शन भरले होते. तेथे नुसती यंत्रे पाहून लोक कंटाळतात, हे विल्यम हिगिनबॉथम ह्या भौतिकशास्त्रज्ञाने हेरले. विजेचे तरंग दाखविणाऱ्या यंत्राच्या लहानशा गोल पडद्यावर त्यांनी टेनिसचा खेळ मांडला. पडद्यावर एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मधली आखूड उभी रेघ म्हणजे जाळे, आणि एक तेजस्वी ठिपका म्हणजे चेंडू. एवढ्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. दुसऱ्या वर्षानंतर त्या जुळणीचे भाग सुटे करून दुसऱ्या कामांना लावण्यात आले. आपण जतन करण्याजोगे काही निर्माण केले आहे, असे त्या वेळी कोणाच्या मनातही आले नाही. १९९७ साली प्रयोगशाळेच्या पन्नासाव्या वर्षी तो खेळ पुन्हा उभारावयाचे ठरले, तेव्हा जुन्या आराखड्यांवरून सारी जुळणी नव्याने करावी लागली.

घरी बसून खेळावयाचे पहिले यंत्र राल्फ बेअर ह्यांच्या कल्पनेतून निघाले. ‘ओडिसी’ ह्या नावाने ते १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आले. ह्या यंत्रास आवाज नव्हता, रंग नव्हते, आणि गुण मोजण्याची सोयही नव्हती. पडद्यावर काही पांढरे ठिपके आणि एक रेघ, एवढीच त्याची करामत. मग निरनिराळे खेळ कसे खेळावयाचे? त्यासाठी रंगीत चित्रे छापलेले पारदर्शक पडदे दिलेले असत. ते संचाच्या काचेवर चिकटवावयाचे. एका पडद्याने टेनिसचे मैदान होई, दुसऱ्याने भुतांचा वाडा होई, ठिपका मात्र तोच. पेटीत पत्ते, खोट्या नोटा आणि फासेसुद्धा असत! आज ज्याच्याजवळ यंत्र आहे पण पडदे हरवले आहेत, त्याच्या हाती निम्माच खेळ उरला आहे. म्हणूनच जुन्या यंत्रांचे संग्राहक एका कागदी पत्त्यासाठीही गावोगाव धुंडाळताना दिसतात.

आपल्या देशात ही आवड घरोघर पोहोचली ती मुख्यतः १९९० नंतरच्या दशकात. जपानमधील निंटेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या स्वस्त नकला त्या काळी बाजारात आल्या. खेळाच्या डबीस मुले ‘कॅसेट’ म्हणत. तिच्यात फीत मुळीच नसे, तरी नाव रूढ झाले ते झालेच. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडाशी जोराने फुंकर मारावयाची, हाही त्या काळचा ठरलेला उपाय. तो उपाय खरा नव्हता. फुंकरीबरोबर तोंडातील ओलावा आत जाऊन धातूच्या पट्ट्या उलट खराब होतात. खेळ सुरू होई तो कॅसेट काढून पुन्हा बसविल्यामुळे. जाणते संग्राहक ह्या पट्ट्या कापसाच्या बोळ्याने आणि स्पिरिटसारख्या द्रवाने हलकेच पुसतात.

ह्या यंत्रांबरोबर बदकांच्या शिकारीची एक बंदूक मिळत असे. तिच्यातून पडद्यावर काही तरी सुटते, असा पुष्कळांचा समज होता. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच सुटत नसे. बंदूकच पडद्याकडे पाहत असे. खटका ओढताच पडदा क्षणमात्र काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. नळीतील प्रकाशग्राही भागास तो चौकोन दिसला, तर नेम लागला असे यंत्र समजे. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडे. जुन्या, पोटफुगीर काचेच्या संचावर चित्र तत्काळ उमटत असल्यामुळे हा मेळ बरोबर साधे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते, आणि तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून जाते. यंत्र चांगले, कॅसेट चांगली, बंदूकही चांगली, तरी एकही बदक पडत नाही! म्हणून ज्यांस हा खेळ राखावयाचा आहे, त्यांस आपला जुना अवजड संचही सांभाळावा लागतो.

काळाचे इतर घावही आहेतच. उन्हाने आणि हवेने जुन्या यंत्रांचे राखी प्लॅस्टिक पिवळे पडते. १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ह्या खेळाच्या डबीत खेळणाऱ्याची प्रगती लक्षात ठेवण्यासाठी एक छोटी बॅटरी बसविलेली होती. ती संपली की वर्षांपूर्वी कोणा मुलाने मोठ्या कष्टाने गाठलेला टप्पा कायमचा पुसला जातो. ह्या उलट काही जण खेळ कधीच उघडत नाहीत. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ह्या खेळाची एक बंद पेटी अमेरिकेतील लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक किमतीस गेली. न खेळलेल्या खेळास एवढे मोल यावे, ही गोष्ट कोऱ्या पानांच्या ग्रंथाची पूजा करण्यासारखीच वाटते.

यंत्रे आज ना उद्या बंद पडणारच. तेव्हा जाणकारांनी दुसरा मार्ग शोधला. डबीतील आज्ञांची जशीच्या तशी नक्कल उतरून घ्यावयाची आणि आजच्या संगणकास जुन्या यंत्राचे सोंग घ्यावयास शिकवावयाचे. अशा सोंग वठविणाऱ्या प्रणालीस ‘एम्युलेटर’ म्हणतात. एकच बहुरूपी सकाळी साधू आणि दुपारी शिपाई बनतो, तसा एकच संगणक ह्या प्रणालीच्या साहाय्याने अनेक यंत्रांची सोंगे घेतो. मात्र खेळ ही कोणाची तरी मालमत्ता असल्यामुळे मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या नकला वाटणे कायद्यास मान्य नाही. मालकाने विक्री थांबविली असेल, तर खेळणाऱ्याने जावे कोठे? २०२३ साली ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ ह्या संस्थेने केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या दर १०० खेळांपैकी ८७ खेळ आता बाजारात मिळत नाहीत. अभ्यासकांस असे खेळ दुरून, आपापल्या घरून पाहता यावेत, अशी मागणी तेथील ग्रंथालयांच्या वतीने करण्यात आली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली गेली.

मोबाइलवरील खेळांची गोष्ट तर आणखी बिकट. १९९७ साली नोकिया कंपनीच्या फोनवर आलेला सापाचा खेळ फोनच्या पोटातच होता. फोन राखला की साप राखला. आजचे पुष्कळ खेळ खेळणाऱ्याच्या हातात पूर्णपणे नसतातच. त्यांचा मोठा भाग दूरच्या संगणकांवर चालतो आणि ते संगणक कंपनीच्या ताब्यात असतात. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पब्जी मोबाइल’ ह्या खेळावर बंदी घातली. ३० ऑक्टोबरला त्या खेळाचे दूरचे संगणक भारतातील खेळणाऱ्यांस बंद झाले. असंख्य मुलांच्या फोनवर खेळ होता तसाच होता, पण तो चालेना. बंदी योग्य की अयोग्य, हा प्रश्न निराळा. संग्राहकाने कपाटात ठेवावे असे येथे काहीच उरले नाही, हे मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता आभासी सृष्टीचे खेळ आले आहेत. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे साधन चढविले की खेळणारा आपण चित्राच्या आतच उभे आहोत असे अनुभवतो. डावा आणि उजवा डोळा ह्यांस किंचित निराळी चित्रे दाखवून खोलीचा भास उत्पन्न करणे, हे ह्यामागील तत्त्व. १९६८ च्या सुमारास आयव्हन सदरलँड ह्यांनी असे साधन प्रथम करून पाहिले, तेव्हा ते छताला टांगावे लागले होते. १९९५ साली निंटेंडोने ‘व्हर्च्युअल बॉय’ नावाचे यंत्र काढले. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर केवळ लाल चित्रे दिसत. यंत्र चालले नाही आणि वर्षाच्या आतच त्याची निर्मिती थांबली. त्याची रचना मात्र मोठी चतुर होती. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ सूक्ष्म लाल दिव्यांचा एकच उभा स्तंभ असे, आणि वेगाने हलणारा आरसा त्या एका स्तंभातून पूर्ण चित्र पसरून दाखवी. हे चित्र कागदावर छापून किंवा चित्रफितीत उतरवून दाखविता येत नाही. ते डोळे लावूनच पाहावे लागते.

ह्या यंत्रातील दिव्यांकडे जाणारी तारांची पातळ पट्टी डिंकासारख्या द्रव्याने चिकटविलेली आहे. वर्षे उलटली तसा तो चिकटा सुटू लागला आणि चित्रात आडव्या रेषांची भगदाडे पडू लागली. संग्राहक आता ते यंत्र उघडतात, सुकलेला चिकटा नखाएवढ्या पात्याने खरवडून काढतात आणि केसाएवढ्या बारीक तारा एकेक करून डाग देऊन जोडतात. काम तासन्‌तास चालते आणि हात जरासा थरथरला तरी पट्टी फाटते. नीट साधले, तर नाहीशा झालेल्या लाल रेषा पुन्हा आपापल्या जागी उमटतात.